वाकळीतला थोरला

पहिली काठी हाती आली असती तर पराग इंगवलेला काय मिळालं असतं, हे आधी मांडून घेऊ. पैसा म्हणाल तर एक नाही. उलट गावजेवणाचा खर्च गळ्यात पडला असता. पण चैत्रातल्या यात्रेत सोनकवडीच्या भैरोबासमोर, साऱ्या काठ्यांच्या पुढे, तीस फुटांचा रंगीत वेळू कमरेच्या पट्ट्यात पेलून तो चालला असता. गुलाल पहिला त्याच्या फेट्यावर पडला असता. आणि चुलतभाऊ चेतन, ज्याच्या घरात ती काठी तीन पिढ्या उभी होती, तो मागच्या काठीला गेला असता. खरं सांगायचं तर आधीच्या सगळ्या रकमा किरकोळ. मोठी रक्कम ही शेवटचीच.

परागचं कराडात मंगल कार्यालय होतं. चोपन्न वर्षांचा माणूस, पण एका जागी चहा पूर्ण पिताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. वधूकडच्यांशी बोलता बोलता वरपक्षाची गाडी लावून यायचा, पंगत वाढायला सुरुवात झाली की मांडवाच्या दोऱ्या ओढून पाहायचा. लोक म्हणायचे, उरक दांडगा. घरातली म्हातारी आत्या म्हणायची, "उरक कसला, ह्याच्या बुडाला मुंग्या हायत्या."

काठीचा मान इंगवल्यांच्या थोरल्या पातीचा. पाती म्हणजे घराण्याची फांदी. हैबती आणि रावजी हे दोघे भाऊ. हैबतीचा पणतू पराग, रावजीचा पणतू चेतन. या दोघांत थोरला कोण, याचा कागद कुठंच नव्हता. चेतनच्या घरचे म्हणायचे रावजी, कारण काठी आमच्याकडं आहे. परागचे वडील म्हणायचे हैबती, आणि याच कारणावरून एका यात्रेत त्यांनी काठीची पुढची दोरी हातातून सोडली. काठी उंच असते. चारी बाजूंनी दोऱ्या ताणून धरल्याशिवाय ती पेलत नाही. ती कलली, देवळाच्या कमानीला घासली, आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. वडील गेले, तरी बंदच राहिलं.

असली भांडणं पूर्वी म्हातारी माणसं मेली की आपोआप मिटायची. पण मधल्या काळात थरवाचक आला.

यंत्र समजायला अवघड नाही. माणसाच्या अंगावरून रोज कातडीचा बारीक भुगा झडतो, आणि त्या भुग्यात त्याचा डीएनए असतो. कापसाचा धागा आतून पोकळ. अंगावरच्या कपड्यात घामाबरोबर थोडासा डीएनए त्या पोकळीत शिरतो, वाळतो आणि तिथंच बसतो. साबणानं वरचा मळ निघतो, हा निघत नाही. मात्र वर्षानुवर्षं तो तुटत जातो, इतका की जुन्या यंत्रांना ते तुकडे वाचताच यायचे नाहीत. नव्या यंत्राला तीस-पस्तीस अक्षरांचा तुकडाही पुरतो. असे कोट्यवधी तुकडे जुळवून कोण कुणाचा हे ते सांगतं. शिवाय वय वाढेल तशा डीएनएवर रासायनिक खुणा चढत जातात. त्या मोजल्या की कातडी झडली तेव्हा माणूस किती वर्षांचा होता, तेही कळतं.

आणि आपल्याकडं यासाठी वाकळीइतकी, म्हणजे गोधडीइतकी, सोयीची वस्तू दुसरी नाही. वाकळ फाटली म्हणून कुणी टाकत नाही. तिच्यावर घरातलंच जुनं लुगडं, धोतर, पोरांचे अंगरखे चढवून पुन्हा टाके घालतात. जुनी वाकळ नव्या वाकळीच्या पोटात जाते. सर्वांत आत पणजी, सर्वांत वर नात. पुण्याच्या थरवाचन केंद्रानं हे ओळखलं आणि सातारा-सांगलीकडच्या माळ्यांवरून वाकळी खाली उतरू लागल्या. कुणी हॉलमध्ये सोफ्याच्या वर वंशवृक्ष टांगला. कुठं जमीन मागायला नवे वारस उभे राहिले. परागच्याच कार्यालयात एक लग्न अक्षता वाटल्यावर मोडलं, कारण नवऱ्याच्या मामानं ऐन वेळी दाखला आणला की दोन्ही घरं मुळात एकाच भावकीतली. पुरणाची पातेली तशीच राहिली. परागनं ती अनाथाश्रमात पोचवली आणि परत येताना गाडीत त्याच्या डोक्यात काठी उभी राहिली.

यात्रा कमिटीपुढं ठराव त्यानंच आणला. अध्यक्ष बाजीनाना म्हणजे सगळ्यांना हो म्हणणारा माणूस. ते म्हणाले, "चेतन, तुझं काय म्हणणं?"

चेतन फवारणीचे ड्रोन दुरुस्त करायचा. बोटांना सदा ग्रीस. त्यानं बोटं पुसत सांगितलं, "माझं काय असणार? थोरल्यानं काठी घ्यावी. वयानं जो थोरला असंल, त्याच्या घरानं."

"वयानं एवढंच नको," पराग उभाच होता. "वयानं आणि रक्तानं. ठरावात दोन्ही घाला. रक्ताचा नसंल त्याला काठी न्हाई, दोरी न्हाई, फडकं न्हाई."

ही मेख मुद्दाम मारलेली होती. रावजी हा दत्तक होता, अशी एक कुजबूज भावकीत फार जुनी होती. वयात हैबती कमी पडलाच तर रक्तात रावजी अडकेल, असा परागचा दुहेरी बंदोबस्त. चेतननं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. म्हणाला, "लिहा." त्यानं स्वतःची वाकळ उसवायला मात्र नकार दिला. "आमची आई तिच्यावर झोपती. तुला हौस हाय, तू उसव."

परागच्या पातीची वाकळ होती शेवंताआत्याकडं.

शेवंताआत्या म्हणजे परागच्या वडलांची थोरली बहीण. नव्वदीला टेकलेली. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा माहेरी आली ती कायमची, आणि पराग चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून तो तिच्याच कुशीत वाढला. दोन घरांचं बोलणं बंद होतं, तरी दर यात्रेला ही एकटी चेतनच्या अंगणात जायची. कारण काठीला पहिलं फडकं बांधायचा मान भावकीतल्या सर्वांत थोरल्या लेकीचा, आणि ती लेक शेवंता. परागचे वडील तिला म्हणाले होते, "जायचं न्हाई." ती म्हणाली होती, "तू भाऊ हाईस, भैरोबा न्हाईस." आणि गेली होती.

बाराही महिने तिला ती वाकळ लागायची. थंडीत अंगावर, उन्हाळ्यात अंगाखाली. ती मागायची कशी? परागनं सरळ सांगितलं, "आत्या, वाकळ कराडला नेतो. मोठ्या मशीनमधनं धुऊन आणतो."

"मशीनमधनं? फाटायची रं."

"न्हाई फाटत. तुला आता ओली वाकळ उचलंना."

हे खरं होतं, म्हणून तिला पटलं. घडी घालून तिनं त्याच्या हातात दिली आणि वर म्हणाली, "लौकर आण. दुसऱ्या कशात मला झोप येत न्हाई."

वाकळ उसवली जाणार, थर कापले जाणार आणि कापलेलं विरघळवलं जाणार, हे केंद्राच्या कागदावर ठळक छापलेलं होतं. परागनं कागद उभ्या उभ्या वाचला, उभ्या उभ्या सही केली. गालाच्या आतला स्वतःचा नमुनाही देऊन टाकला. मग रोज फोन. केंद्रातल्या डॉ. आश्लेषा बर्वे शांत बाई होत्या. त्याच्या फोनला त्या "अजून वाचतंय" एवढंच म्हणायच्या. यात्रा तोंडावर आली तसा त्याला कार्यालयात दम निघेना. खुर्च्या मोजल्या, मांडल्या, पुन्हा मोजल्या. साताऱ्याहून खास फेटा आणला, रेशमी, डाळिंबी रंगाचा. बायको म्हणाली, "निकाल तर लागू द्या." तो म्हणाला, "रंग संपतो चांगला."

इकडं आत्या रोज एकच विचारायची. "वाळली न्हाई का रं अजून?" त्यानं तिला विजेवर तापणारं मऊ ब्लँकेट आणून दिलं. तिनं ते हातानं चाचपलं, बटण पाहिलं, आणि नीट घडी करून कपाटात ठेवलं. "पावण्यांना व्हईल," म्हणाली.

शेवटी बोलावणं आलं आणि तो पुण्याला गेला. डॉ. बर्व्यांनी पडद्यावर थर उलगडले, जणू कांदा सोलावा तसे.

"वरचे हे दोन थर एका बाईचे आणि एका मुलाचे. मुलगा चार वर्षांपासून साधारण अकरापर्यंतचा. हे तुम्ही. दोघं अगदी चिकटून झोपत होता. आणि इथं बघा..."

"ते सोडा, मॅडम. खालचं सांगा."

त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि पडदा खाली सरकवला. "हा तुम्हाला हवा तो थर. एक लुगडं, एक धोतर, दोन लहान अंगरखे. चार माणसं: बाई, पुरुष, दोन मुलगे. एक मुलगा नऊच्या आसपासचा, दुसरा सहाचा. तुमचा वंश मोठ्याचा."

पराग खुर्चीतून उठलाच. "म्हणजे हैबती थोरला."

"वयानं, हो. बसा जरा."

तो बसला नाही.

"धाकटा त्या दोघांचा मुलगा आहे. मोठा नाही. बाईचाही नाही, पुरुषाचाही नाही. लांबचं नातंसुद्धा नाही. मी तीनदा वाचून घेतलं. कुठून तरी आणून वाढवलेला मुलगा. काळ प्लेगचा आहे. ओस पडलेल्या झोपड्यांतून उचलून आणलेली मुलं आम्हाला वाकळींतून बरीच सापडतात."

परागला आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना. त्यानं ते टेबलावर ठेवले, काढले, खिशात घातले. मेख स्वतःच्याच धोतरावर मारून वर पाय रोवून उभा राहिलेल्या माणसासारखी त्याची गत झाली.

"अजून एक," बाई म्हणाल्या. "हे विज्ञान म्हणून मी लिहिणार नाही. त्या बाईच्या कातडीचा भुगा दोन्ही अंगरख्यांत सारखाच आहे. किंचित मोठ्याच्याच जास्त. ती मध्ये झोपत असावी आणि तोंड बहुतेक त्याच्याकडं करत असावी."

"अहवाल कमिटीला जातो?"

"तुमची वाकळ, तुमचा अहवाल. कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा." मग त्यांनी एक पातळ पिशवी पुढं केली. "एवढं उरलंय."

पिशवीत चार-पाच पट्ट्या होत्या. सर्वांत वर आत्याच्या एका जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ.

परतीच्या वाटेवर परागनं चालवणं गाडीवरच सोपवलं आणि हिशेब मांडला. हिशेबात तो कच्चा नव्हता. अर्धा अहवाल दाखवला, म्हणजे फक्त वय, तर काठी त्याची. पण कमिटी दुसरा रकाना मागणारच. तो त्यानंच लिहून घेतला होता. पूर्ण दाखवला तर काठी नाही, दोरी नाही. ते एक वेळ सोसलं असतं. पण तिसरा शब्दही त्याचाच होता: फडकं. शेवंता ही हैबतीची नात. ती भावकीची लेक राहणार नाही. नव्वदीच्या बाईला कुणीतरी सांगायला जाईल की तू ज्या घरी माहेर म्हणून आलीस ते तुझं नव्हतं. आणि ते सांगणारं तोंड परागच्या ठरावाचं असेल. खंबाटकीच्या बोगद्यात गाडीनं दिवे लावले आणि काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसलं. त्यानं काच खाली केली.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक. भावकी झाडून जमलेली, आणि इतर मानकरीही. कारण ठराव एकदा रुळला की त्यांच्याही वाकळी उतरणार होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या कपाळावर घाम दिसत होता.

बाजीनाना म्हणाले, "हां पराग. काय म्हणतंय यंत्र?"

"काय म्हणत न्हाई," पराग म्हणाला. "वाचता आली न्हाई. फार येळा धुतल्याली वाकळ. सगळं वाहून गेलं म्हणाले."

मग मागून आवाज आला, "म्हंजे फेटा वाया गेला म्हना." देऊळ हसलं. दुसरा म्हणाला, "आत्याबाईंनी निरमा जास्त टाकला." हसू पुन्हा फुटलं, या वेळी जास्त वेळ टिकलं. पराग उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच जागचा न हलता.

"मग ठरावाचं?" नानांनी विचारलं.

"मी आणला, मीच मागं घेतो. काठी जिथं हाय तिथं ऱ्हाऊ द्या." हा शब्द ऐकून निम्म्या मानकऱ्यांनी इतक्या झटकन हात वर केले की नानांना मोजायचं कारण उरलं नाही.

बाहेर पिंपळाखाली चेतननं त्याला गाठलं. बऱ्याच वर्षांनी दोघं एकमेकांच्या इतक्या जवळ उभे होते.

"खोटं बोललास तू."

पराग निघायला वळला.

"तुझा चेहरा लहानपणापासून वाचतोय मी. यंत्र लागत न्हाई." चेतननं आवाज उतरवला. "आमचा निघाला न्हवं? रावजी. आमच्या आईला पण ठावं हाय ती कुजबूज. तू झाकलंस. उपकार झाले, परग्या."

हे पाहा, फुकटात आलेली जमा. केवढी मोठी. चेतन जन्मभर मिंधा राहिला असता आणि परागला एक शब्दही बोलावा लागला नसता. त्यानं ती रक्कम मनातल्या मनात एकदा उचलून पाहिली. चांगली जड होती.

"तुमचा न्हाई," तो म्हणाला. "आमचा."

चेतनच्या कपाळावर आठी पडली आणि हळूहळू सुटली. "हैबती?"

"कुठनं तरी आणल्यालं पोर. प्लेगातलं. तुमच्या खापरपणजीनं वाढवलं."

"आणि वयानं?"

"वयानं थोरला. तीन वर्सांनी."

चेतन बोटांचं ग्रीस पुसत राहिला. तिथं आज ग्रीस नव्हतं, तरी पुसत राहिला. "मग मी काय म्हणत हुतो? वयानं म्हणत हुतो. तूच रक्त आणलंस मधी." मग तो म्हणाला, "काठी तुझी हाय मग. घे."

"नको." पराग देवळाच्या कमानीकडं बघत होता. वडलांच्या हातून काठी घासली होती तिथं दगडाला अजून खरचटल्याची रेघ होती. "पुढची दोरी कोण धरतंय?"

"धरतंय कुणीबी. धड कोण धरत न्हाई."

"मला दे, दादा."

दादा हा शब्द त्याच्या तोंडून इतक्या वर्षांनी निघाला की तो निघाल्यावर दोघांनीही दुसरीकडं पाहिलं.

यात्रेच्या सकाळी शेवंताआत्या चेतनच्या अंगणात खुर्चीवर बसली होती. आडव्या ठेवलेल्या काठीच्या शेंड्याला तिनं भगवं फडकं बांधलं. गाठ पहिल्या झटक्यात बसली. मग काठी उभी राहिली. चेतननं पट्ट्यात घेतली, परागनं पुढची दोरी ताणली. दोरी सोडून कुठं जाता येत नाही, मागं वळून पाहता येत नाही, चहाला थांबता येत नाही. देवळापर्यंत त्याच्या तळहाताची कातडी निघाली. कमानीखालून काठी घासता न घासता पार झाली आणि चेतन मागून ओरडला, "ढिली नको सोडू." त्यानं सोडली नाही.

संध्याकाळी त्यानं आत्यापुढं पिशवी ठेवली. ती उघडून तिनं हिरवा काठ बाहेर काढला, नाकाशी नेला आणि मांडीवर ठेवला.

"धुवायला न्हवती नेली."

"न्हाई."

"काय बघायला नेली हुतीस?"

"आपली माणसं कोण ते."

"मला इचारायचं," आत्या म्हणाली. "म्या सांगितलं असतं. ह्यात तुझा आज्जा हुता, तुझा बाप हुता, तू हुतास. तापात फणफणायचास तवा ह्यातच बांधून घेऊन बसायची म्या तुला." तिनं आणखी काही विचारलं नाही, आणि त्यानंही वरचे ते दोन थर आपण न पाहताच पुढं सरकवायला लावले, हे सांगितलं नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "जुनं काय असंल तर दे. नवी घालाय पायजे."

जुनं असं घरात काही सापडेना. आजकाल कपडे जुने होईपर्यंत राहतात कुठं. परागनं तो डाळिंबी फेटा आणून दिला. गुलालाचा एक ठिपकाही त्याच्यावर नव्हता. आत्यानं तो पसरला, त्यावर हिरवा काठ मांडला, उरलेल्या पट्ट्या नीट लावल्या. सुई त्यानं ओवून दिली. हाताला पट्टी असल्यामुळं दोनदा चुकली.

तर हिशेब असा. काठी चेतनकडं होती, चेतनकडंच राहिली, आणि वर एक भाऊ आला. गावाला वर्षभर पुरेल एवढं हसू मिळालं. मानकऱ्यांच्या वाकळी माळ्यावर सुखरूप राहिल्या. पराग हरला तो एक फेटा आणि थोडी अब्रू; बदल्यात दोरी मिळाली, म्हणजे व्यवहार तोट्याचा म्हणता येत नाही. किंमत पडली ती आत्याला. वाकळ अंगाला सरावायला वीसेक वर्षं लागतात. तेवढी तिच्याकडं नाहीत. नव्या वाकळीत झोपेल दुसरंच कुणी. तिच्या वाट्याला फक्त टाके, आणि ते ती घालत बसली होती.